आधी प्रकृतीचे माप, मग सहलीचा बेत

पावसाची पहिली सर येऊन गेली की पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या घराघरांत एकच विषय निघतो. यंदा कुठे जायचे? कोणी पवना धरणाचे नाव काढतो, कोणी लोहगडाचे, तर कोणाला भीमाशंकर हवे असते. गाडी कोणाची, डबे कोणी आणायचे, किती वाजता निघायचे, हे सारे तासाभरात ठरते. ज्या शरीरांना घेऊन जायचे त्यांचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही.

हा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. माझा दवाखाना कामगार वस्तीत आहे. आपल्या भागातल्या कित्येक कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, बाकीच्यांना रविवारची. त्यामुळे सहलीहून आलेले रुग्ण माझ्याकडे शुक्रवारी आणि सोमवारी येतात. कोणाला जुलाब, कोणाचा पाय मुरगळलेला, कोणाच्या मुलाला ताप. ही झाली साधी दुखणी. चार दिवसांत ती बरी होतात. पण काही माणसे सहलीला जातात ती परत येतच नाहीत. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात हडपसरचे एक कुटुंब अडकले आणि एक महिला व चार मुले पाहता पाहता वाहून गेली. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ रोजी, तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला. चार जण मृत्युमुखी पडले, पन्नासहून अधिक जखमी झाले. दोन्ही दिवशी रविवार होता. दोन्ही ठिकाणी गेलेली माणसे तुमच्या-आमच्यासारखीच, डबे बांधून निघालेली होती.

म्हणून आज सहलीविषयी चार गोष्टी सांगाव्या असे ठरवले. भीती घालण्याचा हेतू नाही. उलट, सहल हवीच, असे माझे मत आहे.

सहल का हवी?

दिवसाचे आठ-दहा तास यंत्राच्या आवाजात एका जागी उभे राहणाऱ्या माणसाला मोकळ्या हवेतला एक दिवस फार काही देऊन जातो. पाय चालतात, कानांना विश्रांती मिळते, रात्री झोप चांगली लागते. मुलांच्या बाबतीत तर आणखी एक कारण आहे. जी मुले रोज काही वेळ उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळतात, त्यांना लांबचे न दिसण्याचा दोष, म्हणजे लहानपणीच लागणारा चष्मा, कमी प्रमाणात लागतो, असे अभ्यासातून दिसून आले आहे. एका सहलीने चष्मा टळणार नाही, पण बाहेर खेळण्याची गोडी तर लागेल! शिवाय तीन पाळ्यांच्या घरात आई, वडील आणि मुले एका वेळी जेवायला बसण्याचा योग आठवड्यात किती वेळा येतो, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

माप कोणाचे घ्यायचे?

सहलीचे ठिकाण ठरवताना घरातल्या सर्वांत धडधाकट माणसाचे मत चालते, असा माझा अनुभव आहे. पंचविशीतला मुलगा म्हणतो तिकोना, की सगळे निघाले तिकोन्याला. मग आजी पायथ्याशी गाडीत बसून राहतात, सूनबाई कडेवर मूल घेऊन अर्ध्या वाटेत थांबतात, आणि वर जाऊन फोटो काढतात ते दोघेच.

गुडघेदुखीसाठी माझ्याकडे येणाऱ्या एक आजीबाई म्हणाल्या, "डॉक्टर, पोरं बोलावतात हो सहलीला. मीच नको म्हणते. माझ्यामुळं त्यांचा खोळंबा होतो." मी त्यांच्या मुलाला बोलावून विचारले, आईला घेऊन जायचे आहे की आईला सोडून जायचे आहे? तो समजूतदार होता. त्या वर्षी त्यांनी गड रद्द केला आणि हिवाळ्यात पवनेच्या काठी, गाडी जाते तेवढ्याच ठिकाणी, सतरंजी आणि घडीची खुर्ची घेऊन दिवस काढला. आजीबाई आठवडाभर त्याच्याच गोष्टी सांगत होत्या.

तेव्हा नियम एकच. घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला जे झेपेल, तो सगळ्यांचा बेत. हे माणूस म्हणजे कधी आजी-आजोबा असतील, कधी दोन वर्षांचे मूल, कधी गर्भवती स्त्री, तर कधी नुकतीच अँजिओप्लास्टी झालेला चाळिशीतला कर्ता पुरुष. ज्यांना जास्त चढायचे आहे त्यांनी मित्रांबरोबर वेगळा दिवस काढावा. कुटुंबाची सहल ही शर्यत नव्हे.

आपल्या जवळची ठिकाणे

डोंगर आणि पाणी एकाच जागी पाहायचे तर आपण भाग्यवान आहोत. पवना धरणाच्या भोवती लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे चार किल्ले उभे आहेत. लोहगडाचा तर जुलै २०२५ मध्ये मराठा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला आहे. चारही किल्ल्यांची उंची समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास आहे. पण चढणीत मोठा फरक आहे. लोहगडवाडीपर्यंत गाडी जाते आणि पुढे बांधीव पायऱ्या आहेत, म्हणून सवय नसलेल्या पण प्रकृतीने ठणठणीत माणसांना तो बरा. तुंग आणि तिकोन्याची शेवटची चढण उभी आहे. गुडघे, चक्कर किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी तिथे खालूनच नमस्कार करावा.

गाडी नसेल तरी अडत नाही. लोणावळा लोकलने कामशेतला उतरून पवनानगरकडे जाता येते. मळवलीला उतरले तर भाज्याची लेणी जवळ आहेत. चाकण, राजगुरुनगरच्या वाचकांना भामा आसखेड आणि चासकमान ही धरणे जवळची, आणि भीमाशंकरही त्याच अंगाला. मात्र भीमाशंकरला देवळाकडे पायऱ्या उतरून जावे लागते, हे वयस्कर मंडळींनी ध्यानात ठेवावे. जाताना सोपे वाटते, पण येताना दमलेल्या पायांनी तेवढाच चढ चढायचा असतो.

काळाचे म्हणाल, तर कुटुंबासाठी दसरा ते होळी हे दिवस उत्तम. पाऊस ओसरलेला असतो, धरण भरलेले असते, ऊन सोसवते. ऐन पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्याकडची गर्दी लहान मुलांना घेऊन जाण्याजोगी नसते. अलीकडे जिल्हा प्रशासन पावसाळ्यात धोक्याच्या ठिकाणी मनाई आदेशही काढते. निघण्यापूर्वी वर्तमानपत्रात ते पाहून घ्यावेत. ज्यांना गुरुवारची सुट्टी आहे त्यांनी मुलांच्या दिवाळीच्या सुट्टीतला गुरुवार गाठावा. गर्दी निम्म्याने कमी मिळेल.

आदल्या रात्रीची झोप

सहलीतला पहिला धोका डोंगरावर नाही, पाण्यातही नाही. तो रस्त्यावर आहे. रात्रपाळी करून सकाळी सुटायचे, घरी येऊन अंघोळ करायची, चहा घ्यायचा आणि थेट गाडीचे चाक हाती धरायचे, असे करणारे कितीतरी जण मला ठाऊक आहेत. "एक दिवस झोप नाही झाली तर काय होते हो?" असे वर विचारतात. सलग सतरा-अठरा तास जागा असलेल्या माणसाचे हात-पाय आणि डोळे दारू घेतलेल्या माणसासारखेच मंदावतात. फरक इतकाच, की दारूचा वास येतो आणि झोपेचा येत नाही. गाडी चालवताना लागणारी डुलकी दोन-तीन सेकंदांची असते. तेवढ्यात साठच्या वेगाने गाडी तेहतीस ते पन्नास मीटर पुढे जाते.

रात्रपाळी संपवून आलेल्याने त्या दिवशी गाडी चालवूच नये. पाळी बदलून घ्यावी, दुसऱ्याला चालवू द्यावे, किंवा सरळ लोकलने जावे. परतीच्या वाटेवर तर हे अधिकच महत्त्वाचे, कारण दमलेले शरीर आणि भरलेले पोट या दोन्हींची तेव्हा गाठ पडते. जांभया सुरू झाल्या की काच खाली करून किंवा गाणी लावून भागत नाही. गाडी बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटे झोपणे हाच उपाय आहे. मात्र झोपताना इंजिन बंद ठेवावे. काचा बंद करून, इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपल्यास धुराचा विषारी वायू आत शिरण्याचा धोका असतो.

ज्यांना गाडी लागते त्यांनी उपाशीपोटी निघू नये आणि भरपेटही निघू नये. पुढच्या बाजूला बसावे, नजर लांब रस्त्यावर ठेवावी, घाटात मोबाईल पाहू नये. उलटीची गोळी घ्यायची तर निघण्यापूर्वी अर्धा-एक तास घ्यावी. गाडी चालवणाऱ्याने ती मुळीच घेऊ नये, कारण तिने झोप येते. दोन वर्षांखालील मुलांना ती मनाने देऊ नये.

खाणे आणि पिणे

आधी पोटोबा हे खरे, पण पोटोबाला घरचेच बरे. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले दाणे, गूळ, केळी यांचा डबा दिवसभर टिकतो. शिजवलेला भात, पनीर, ओल्या नारळाची चटणी, क्रीमचे केक यांना उन्हात तापलेल्या गाडीत चार-पाच तास ठेवणे म्हणजे जुलाबांना आमंत्रण. मुलांसाठी दहीभात न्यायचा असेल तर तो पहिल्या दोन-तीन तासांत संपवावा.

वाटेवर वडा खाल्ला तर काही बिघडत नाही. कढईतून निघालेला गरम वडा बहुधा निर्धोक असतो. दोष असतो तो चटणीतल्या पाण्याचा, चिरून ठेवलेल्या कांद्याचा आणि सरबतातल्या बर्फाचा. पाणी घरून न्यावे, माणशी दोन लिटर तरी. झऱ्याचे किंवा गडावरच्या टाक्याचे पाणी दिसायला काचेसारखे असले तरी वरच्या अंगाला गुरे असतात, माणसेही असतात.

बायकांच्या एका अडचणीविषयी उघडपणे कोणी बोलत नाही, म्हणून मी लिहितो. वाटेत सोय नाही म्हणून कित्येक जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि लघवी रोखून धरतात. दोन दिवसांनी जळजळ, थंडी वाजून ताप घेऊन त्या दवाखान्यात येतात. मधुमेही आणि गर्भवती स्त्रियांना तर हे फार महागात पडते. म्हणून प्रवासाचा आराखडा करताना स्वच्छतागृह कुठे आहे हे पुरुषांनी आधी पाहावे. पेट्रोल पंपावर ती सोय मोफत असते. दर दोन तासांनी एक थांबा ठरवून घ्यावा.

एक गोष्ट पाण्याबद्दलच. पिंपरी-चिंचवडकर जे पाणी पितात ते मुख्यतः पवना धरणातून नदीत सोडलेले आणि रावेतच्या बंधाऱ्यातून उचललेले असते. तेव्हा धरणाच्या काठी साबण लावून भांडी घासणे, उरलेले अन्न आणि मुलांचे लंगोट टाकणे हे आपल्याच माठात टाकण्यासारखे आहे.

चढताना

"डॉक्टर, वर हवा विरळ असते म्हणून दम लागला," असे पुष्कळ जण सांगतात. हा समज मनातून काढून टाकावा. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. लेहला जाणाऱ्यांना तो होतो. आपल्या राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, त्याची उंची १६४६ मीटर. मग हजार मीटरच्या लोहगडावर हवा विरळ कशी होणार? तिथे दम लागतो तो सवय नसल्याने, वजनाने, विडी-सिगारेटने, रक्त कमी असल्याने, किंवा हृदय थकल्याने. यातले शेवटचे कारण असेल तर "हवा विरळ आहे" म्हणत पुढे चढणे जिवावर बेतते.

घरच्या घरी एक साधी परीक्षा करता येते. आपल्या इमारतीचे चार मजले नेहमीच्या चालीने, न थांबता चढावे. वर गेल्यावर सरळ दोन वाक्ये बोलता आली, छातीत दुखले नाही, चक्कर आली नाही, तर छोटी चढण झेपायला हरकत नाही. ही काही तपासणी नव्हे. चाळिशी ओलांडलेल्यांनी, रक्तदाब, मधुमेह किंवा तंबाखू असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच गड चढावा. चढताना छातीत जडपणा, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम यांपैकी काही झाले तर तिथेच खाली बसावे. "पित्त असेल" म्हणत सोडा शोधू नये आणि रुग्णाला चालवत आणू नये.

रक्तदाबाची सकाळची गोळी सहलीच्या दिवशीही घ्यावी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबवू नये. चालण्याने साखर आणखी उतरते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज घ्यावे. दमेकऱ्याचा पंप गाडीतल्या बॅगेत नव्हे, त्याच्या खिशात हवा. चपला, सँडल घालून ओल्या कातळावर चढू नये. पकड असलेले बूट घालावेत.

पाणी

आता मुख्य मुद्दा. पाणी पाहण्यासाठी आहे, उतरण्यासाठी नाही, हे सहलीला निघण्यापूर्वी घरातल्या सर्वांना सांगावे. जगभरात दरवर्षी सुमारे तीन लाख माणसे बुडून मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत लहान मुले आणि तरुण फार.

तलावात शिकलेले पोहणे धरणात उपयोगी पडेलच असे नाही. पोहण्याच्या तलावाचा तळ सपाट आणि खोली ठरलेली असते. धरणाचा तळ म्हणजे बुडालेली शेते, बांध, ओढे आणि विहिरी. गुडघाभर पाण्यातून टाकलेले पुढचे पाऊल पुरुषभर खोलात जाऊ शकते. गाळात पाय रुततो. वरचे पाणी कोमट असले तरी खालचे थंड असते, त्याने पोटऱ्यांत गोळे येतात. त्यात पोटात दारू असेल तर मग बोलायलाच नको.

धबधब्याची गोष्ट निराळी. आपण उभे असतो तिथे ऊन असते, पण वरच्या डोंगरात पाऊस कोसळत असतो. ते पाणी काही मिनिटांत खाली येते. पाणी गढूळ होऊ लागले, पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज वाढला, की सामान तिथेच टाकून काठावर यावे आणि उंचावर जावे. प्रवाहाच्या मधल्या खडकावर मुलांना बसवून फोटो काढणे कटाक्षाने टाळावे. गुडघ्याइतके वाहते पाणी मोठ्या माणसालाही पाडते. जुना साकव, पूल किंवा कठडा गर्दीने भरलेला दिसला तर त्यावर जाऊ नये. "धोका" असा फलक असेल तर तो आपल्यासाठीच लावलेला आहे असे समजावे. धरणाचा भोंगा ऐकू आला तर नदीपात्र ताबडतोब सोडावे.

मुलांवर लक्ष कोणी ठेवायचे? दहा मोठी माणसे असली की प्रत्येकाला वाटते दुसरा पाहतो आहे, आणि कोणीच पाहत नाही. बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे ओरडत नाही. त्याला श्वास घ्यायलाच सवड नसते, मग हाक कुठून मारणार? मिनिटाभरात, अगदी आवाज न होता ते खाली जाते. यावर आपल्या कामगार बंधूंना सहज पटेल असा उपाय सांगतो. कारखान्यात जशी पाळी असते तशी पाण्याकाठी पहाऱ्याची पाळी लावा. अर्ध्या अर्ध्या तासाची. पाळीवरच्या माणसाने मोबाईल खिशात ठेवायचा, गप्पा मारायच्या नाहीत, पत्ते खेळायचे नाहीत. लहान मूल हाताच्या अंतरावर हवे. पाळी बदलताना मुले मोजून रीतसर चार्ज द्यायचा. यंत्र सोडून जाताना आपण चार्ज देतो, मग मूल सोडून जाताना का देऊ नये?

होडीत बसायचे तर प्रत्येकाच्या अंगात, बंद बांधलेले, लाइफ जॅकेट हवे. नसेल तर होडी नको.

कोणी बुडत असेल तर

पहिली गोष्ट, मागोमाग उडी टाकू नये. एकाला वाचवताना दुसरा आणि त्याच्यामागे तिसरा, अशी एकाच घरातली माणसे जातात. काठावर आडवे होऊन काठी, ओढणी, साडी, दोर फेकावा. पाण्याचा पाच लिटरचा रिकामा कॅन झाकण घट्ट लावून फेकला तर बुडणाऱ्याला आधार होतो. म्हणून सहलीत पाणी अशा कॅनमध्ये न्यावे आणि रिकामा झाला तरी टाकू नये.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार आपल्याकडे अजून चालतात. त्यात अमूल्य वेळ जातो आणि पोटातले पाणी फुप्फुसात शिरते. त्याला सपाट जागी उताणे निजवावे. हाक मारून पाहावी, श्वास पाहावा. श्वास नसेल तर हनुवटी वर उचलून, नाक दाबून, तोंडाने दोन श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी तीस वेळा जोरात दाबावे. गती मिनिटाला शंभर ते एकशेवीस, खोली मोठ्या माणसात साधारण दोन इंच. पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीस दाब. मदत येईपर्यंत थांबू नये. दुसऱ्याने तेवढ्यात १०८ ला फोन करावा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून, ओले कपडे काढून, कोरड्या चादरीत गुंडाळावे. शुद्धीवर आलेल्या, पण खोकणाऱ्या किंवा दम लागलेल्या माणसालाही रुग्णालयात न्यावेच. काही तासांनी फुप्फुसात पाणी साचून प्रकृती बिघडू शकते.

तंबूतला मुक्काम

अलीकडे पवनेच्या काठी तंबूत राहण्याची हौस वाढली आहे. थंडीत रात्री गारठा असतो, म्हणून कोणी कोळशाची शेगडी तंबूत घेऊन झोपतात. असे कधीही करू नये. जळत्या कोळशातून निघणाऱ्या वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस जागा होतच नाही. ऊब हवी तर जाड चादरी, कानटोपी, मोजे न्यावेत. तंबू पाण्यापासून लांब आणि उंचावर असावा. चेन बंद ठेवावी, सकाळी बूट झटकून घालावेत, रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये.

दंश आणि चावे

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. चारांवर एकच इंजेक्शन चालते आणि ते सरकारी रुग्णालयात मिळते. साप चावल्यास माणसाला चालवू नये. चावलेला हात किंवा पाय फळी बांधून, मोडलेल्या हाडासारखा स्थिर ठेवावा. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढावीत. ब्लेडने कापणे, चोखणे, करकचून दोरी बांधणे, मांत्रिकाकडे नेणे, यांतले काहीही करू नये. सापाला मारण्यात वेळ घालवू नये.

किल्ल्यांच्या कड्यांवर आग्यामोहोळे असतात. तिथे धूर, आरडाओरडा, दगडफेक आणि अत्तर नको. माश्या उठल्या तर तोंड-डोके झाकून तिथून लांब जावे. नांगी लगेच खरवडून काढावी. ओठ-जीभ सुजणे, दम लागणे, अंगभर गांधी उठणे ही लक्षणे दिसली तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. माकडांना खाऊ घालू नये. चावले किंवा ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्यात साबणाने पंधरा मिनिटे धुऊन रेबीजच्या लसीसाठी डॉक्टरकडे जावे.

बरोबर काय न्यावे?

नेहमीची औषधे दीड दिवसाची, ओआरएसची पाकिटे, तापाची गोळी, कापूस, जंतुनाशक मलम, रुंद पट्टी, एक कोरडी चादर, बॅटरी, शिट्टी, वीस मीटर दोर. ओआरएस नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा, हे प्रमाण लक्षात ठेवावे. डोंगराआड मोबाईलला रेंज नसते, म्हणून १०८ आणि ११२ हे क्रमांक, घरच्या वृद्धांच्या औषधांची नावे आणि जवळचे सरकारी रुग्णालय हे कागदावर लिहून खिशात ठेवावे. पवना-लोहगडच्या बाजूला कान्हे फाटा, चाकणच्या बाजूला चाकण, भीमाशंकरच्या बाजूला मंचर, आणि शहरात परतल्यावर पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय. निघताना शेजाऱ्यांना कुठे जातो आणि कधी परतणार ते सांगावे. अंधार पडण्यापूर्वी डोंगर आणि पाणी दोन्ही सोडावे.

एवढे सगळे वाचून कोणी म्हणेल, डॉक्टर, यापेक्षा घरीच बसलेले बरे! तसे मुळीच नाही. वर सांगितलेल्या तयारीला आदल्या दिवशीचा एक तास पुरतो. या आठवड्यात घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावे, आजीला आधी विचारावे, मग धाकट्याला, आणि त्यांच्या मापाने ठिकाण ठरवावे. शुक्रवारी किंवा सोमवारी मला तुमचे सहलीचे फोटो पाहायला आवडतील. त्यासाठी नंबर लावावा लागणार नाही!